कोरल्यावर उरलेला दात

(साकीनाका येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, त्या काकांचा पावडर कोटिंगचा गाळा इथून चालत दहा मिनिटांवर होता. खैरानी रोडवरून आत वळायचं, मग बोळ. तुमच्यापैकी निम्म्यांनी तिथला चहा प्यायलेला आहे. मी 1997 साली साकीनाक्याला दवाखाना टाकला आणि पहिल्याच महिन्यात काका आले. खालच्या उजव्या दाढेला कीड, थंड पाणी लागलं की कळ. आधी तात्पुरतं सिमेंट घातलं, चार दिवसांनी ते काढून दाताच्या रंगाचं पक्कं फिलिंग भरलं, निळा लाइट मारला, पैसे घेतले. पाच आठवड्यांनी तेच फिलिंग रुमालाच्या गाठीत बांधून काका परत आले.

रागावले नाहीत. गाठ सोडली, फिलिंग टेबलावर उलटं ठेवलं, त्याच्या खालच्या बाजूवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "डॉक्टर, भरायच्या आधी जॉब कसा तयार केला होतात?"

मी सांगायला लागलो: मटेरियल कुठल्या कंपनीचं, शेड कोणती, लाइट किती सेकंद. त्यांनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं. "हे सगळं नंतरचं," म्हणाले. "आधीचं सांगा."

आजचा माझा विषय तो 'आधीचा' आहे. दाताची कीड कशाने काढली, यावर नंतरचं फिलिंग किती चिकटून राहील हे कसं ठरतं. त्या दिवशी काकांच्या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. आज बरंचसं आहे.

पुढच्या रविवारी काकांनी मला गाळ्यावर नेलं. तुम्हा मंडळींना हे सांगायला नको, पण दवाखान्याच्या बाजूने आलेल्यांसाठी सांगतो. लोखंडी पत्र्याचा जॉब थेट रंगाला जात नाही. आधी गरम टाकीत त्याचं तेल-ग्रीस निघतं. मग धुवायचा. मग ॲसिडच्या टाकीत गंज काढायचा, परत धुवायचा, मग फॉस्फेटिंग, परत पाणी. अशा एकामागून एक टाक्या. त्यानंतर कोरडा करून पावडर मारायची आणि 180 ते 200 अंशांच्या भट्टीत घालायचा. काकांनी धुतलेला एक पत्रा टाकीतून वर काढून तिरपा धरला. पाण्याचा पडदा पत्र्यावरून एकसारखा खाली उतरत होता. एका कोपऱ्यात मात्र तो फाटला आणि तिथे पाण्याचे थेंब-थेंब झाले. त्या जागी अंगठा टेकवून काका म्हणाले, "इथं तेल आहे. आज नाही सुटणार, सहा महिन्यांनी सुटेल. पण सुटेल ते इथूनच."

त्या रात्री मी कॉलेजची पुस्तकं परत काढली. आणि त्यात एक गोष्ट सापडली, जी मी परीक्षेपुरती पाठ केली होती आणि विसरलो होतो. 1955 साली अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये मायकेल ब्युओनोकोर नावाच्या संशोधकाने दाताला प्लास्टिक कसं चिकटेल याचा विचार करताना आधार घेतला तो कारखान्यांचा. धातूवर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यांत फॉस्फोरिक ॲसिड लावतात, हे त्याला ठाऊक होतं. त्याने 85 टक्के फॉस्फोरिक ॲसिड दाताच्या वरच्या कवचावर, एनॅमलवर, अर्धा मिनिट लावलं, धुतलं, वाळवलं आणि त्यावर ॲक्रिलिकचे ठिपके बसवले. ॲसिड लावलेल्या दातांवरचे ठिपके कितीतरी जास्त काळ टिकले. आज जगभरात दाताच्या रंगाचं जे काही फिलिंग बसतं, त्याची सुरुवात तिथून झाली. म्हणजे काकांच्या टाकीत आणि माझ्या ट्रेमधल्या निळ्या सिरिंजमध्ये एकाच कुळातलं ॲसिड होतं, आणि हे मला गाळ्यावर जाऊन कळावं लागलं.

आता एनॅमल सोपं आहे. त्यात वजनाने 96 टक्के खनिज. ॲसिड लावलं की त्यावर बारीक खाचखळगे पडतात, पातळ रेझिन, म्हणजे चिकटणारं प्लास्टिक, त्यात शिरतं आणि घट्ट होतं. खरी अडचण आत आहे. एनॅमलच्या खालचं डेंटिन हे जिवंत, ओलसर, हाडासारखं. साधारण 70 टक्के खनिज, 20 टक्के कोलॅजन वगैरे सेंद्रिय भाग आणि 10 टक्के पाणी. शिवाय त्यात बाहेरून नसेपर्यंत जाणाऱ्या बारीक नळ्या आहेत. बाहेरच्या बाजूला एका चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे 20 हजार, नसेजवळ त्याच्या दुपटीहून अधिक. त्यांतून पाणी झिरपत असतं. ओल्या भिंतीवर रंग मारण्यासारखं हे काम. जपानमध्ये नोबुओ नाकाबायाशी यांनी 1982 साली दाखवलं की हे जमतं, पण वेगळ्या रीतीने. ॲसिडने डेंटिनच्या वरच्या काही मायक्रॉनमधलं खनिज निघून जातं आणि कोलॅजनच्या धाग्यांची जाळी उघडी पडते. त्या जाळीत रेझिन मुरलं आणि तिथेच घट्ट झालं की अर्धा दात, अर्धं प्लास्टिक असा एक पातळ थर तयार होतो. त्याला हायब्रिड थर म्हणतात. दाताच्या रंगाच्या फिलिंगची पकड त्या थरात आहे.

आणि हा थर जाळीवर अवलंबून. जाळी फुललेली हवी, रेझिनला आत वाट हवी. ॲसिड धुतल्यावर हवेचा जोरात फवारा मारून डेंटिन खडूसारखं कोरडं केलं, तर तीच जाळी दांडीवरून घसरलेल्या ओल्या मच्छरदाणीसारखी गोळा होऊन बसते. 1992 मध्ये जॉन कांका यांनी ओलसर डेंटिनवर बाँडिंग करण्याची पद्धत मांडली, ती यासाठी. मी काकांची दाढ खडूसारखी कोरडी केली होती. माझी पहिली चूक.

दुसरी चूक कळायला कीड म्हणजे काय ते पाहायला हवं. आपल्याकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेऊन दातातला किडा पाडायची रीत होती, गावाकडे अजून कुणाची आजी सांगते. किडा नसतो. तोंडातले जंतू साखरेचं ॲसिड करतात आणि ते ॲसिड दाताचं खनिज विरघळवतं. गाळ्यात दिवसातून सहा-सात वेळा गोड कटिंग येते तेव्हा लाळेला ते ॲसिड धुवून काढायला मधे सवडच मिळत नाही. साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली हे जास्त महत्त्वाचं, एवढं घरी जाऊन सांगा.

तर अशा किडलेल्या डेंटिनमध्ये दोन थर असतात, हे टोकियोच्या ताकाओ फुसायामा यांनी फार बारकाईने दाखवलं. वरचा थर मेलेला. त्यात जंतू भरलेले, कोलॅजनचे धागे तुटलेले. चमच्याच्या टोकाने उचलला तर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा निघतो, दुखत नाही. त्याखालचा थरही मऊ असतो, तपकिरी असतो, पण त्याची जाळी शाबूत असते. वरून बंद केलं, जंतूंचं खाणं तोडलं, तर त्यात पुन्हा खनिज भरू शकतं. फुसायामांनी वरचाच थर रंगेल असा लाल रंग शोधला. तो रंग नसेजवळच्या निरोगी डेंटिनलाही थोडा धरतो, म्हणून लाल दिसेल तितकं सगळं कोरत गेलं तर उगीच नसेपर्यंत पोचायला होतं. मी आता तो क्वचितच वापरतो.

वरच्या मेलेल्या थरावर बाँडिंग धरत नाही. खालच्या थरावर धरतं, पण कमी. प्रयोगशाळेत हे कसं मोजतात ते तुम्हाला आवडेल, कारण तुमच्या गाळ्यातली ब्लेडने जाळी कापून टेप ओढायची टेस्ट या मोजणीची बहीण शोभेल. भरलेल्या दाताच्या एक मिलिमीटर जाडीच्या काड्या कापतात. अर्धी काडी दाताची, अर्धी फिलिंगची. दोन्ही टोकांनी धरून ओढतात आणि जोड कधी तुटतो ते पाहतात. हिदेहिको सानो आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये ही पद्धत आणली. निरोगी डेंटिनवर चांगलं बाँडिंग चौरस मिलिमीटरला तीन किलो किंवा त्याहून जास्त ओढ सहन करतं. किडीची झळ लागलेल्या डेंटिनवर ते चौथ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत कमी होतं. तिथल्या नळ्यांत खनिजाचे खडे अडकलेले असतात आणि ॲसिड नेहमीपेक्षा खोल जातं, पण रेझिन तेवढ्या खोलपर्यंत पोचत नाही. तळाशी नुसती उघडी जाळी उरते. मग तोंडातल्या पाण्यात, दाताच्याच स्वतःच्या एन्झाइम्समुळे, ती वर्षानुवर्षं हळूहळू कुरतडली जाते. डेव्हिड पॅशली यांच्या गटाने 2004 मध्ये हे दाखवलं. आधी क्लोरहेक्सिडीन लावलं तर प्रयोगशाळेत ही झीज मंदावते. पेशंटच्या तोंडात तेवढा फरक पडल्याचा पुरावा मला अजून पुरेसा वाटत नाही.

आता पद्धतींकडे येतो. हा भाग मी लांबवणार आहे, कारण प्रत्येक अवजार दातावर आपली खूण ठेवून जातं.

तुम्ही ज्याला 'मशीन' म्हणता, तो एअरोटर. 1957 साली आला. हवेच्या जोरावर मिनिटाला तीन लाखांच्या आसपास फेरे घेतो. त्याचं डायमंडचं टोक डेंटिन कापतं तेव्हा जो भुगा उडतो त्यातला काही पाण्याबरोबर निघतो आणि काही त्याच जागी दाबून बसतो. एक-दोन मायक्रॉनचा हा भुग्याचा लेप, स्मीअर लेयर. डोळ्याला दिसत नाही. कोरलेली जागा उलट छान गुळगुळीत, स्वच्छ दिसते. टोक जितकं खरखरीत तितका लेप जाड. जी बाँडिंग पद्धत 37 टक्के फॉस्फोरिक ॲसिडने सुरू होते, ती डेंटिनवर पंधरा सेकंदांत हा लेप धुवून काढते. पण नंतरच्या काळात ज्या सौम्य, वेगळं धुणं नसलेल्या बाँड आल्या, त्यांना या लेपातूनच वाट काढायची असते. जाड डायमंडने कोरून त्यावर तशी सौम्य बाँड लावली तर तिची अर्धी ताकद भुग्याशी झगडण्यात जाते. म्हणून शेवटचा हात बारीक टोकाने फिरवायचा. तुमच्याकडे जाड पॉलिश पेपरनंतर बारीक मारतात, तेच.

एअरोटरची दुसरी गोष्ट त्याच्या हवेची. ती हवा कॉम्प्रेसरमधून येते आणि कॉम्प्रेसर तेलाचा असेल, फिल्टर बदलला नसेल, तर दात वाळवताना तुम्ही त्यावर तेलाचं धुकं मारत असता. पत्र्याच्या त्या फाटलेल्या पाण्याच्या कोपऱ्यासारखंच. गाळ्यातून आल्यावर सोमवारी सकाळी मी दवाखान्यातल्या हवेच्या नळीतून आरशावर फवारा मारून पाहिला. आरशावर चकचकीत, बोटाला लागणारा डाग उमटला. त्याच आठवड्यात मी तेल नसलेला कॉम्प्रेसर घेतला.

हाताचं अवजार म्हणजे चमच्यासारखा एक्सकॅव्हेटर. हळू चालतं, पण मेलेला थर आणि मऊ थर यांतला फरक त्या चमच्यातून बोटाला जितका कळतो, तितका फिरणाऱ्या टोकातून कधीच कळत नाही. 1980 च्या दशकात टांझानियात यो फ्रेंकेन आणि सहकाऱ्यांनी नुसत्या हाताच्या अवजारांनी, वीज नसताना, मुलांचे दात भरण्याची पद्धत बसवली. जागतिक आरोग्य संघटनेने 1994 मध्ये ती उचलून धरली. त्यात ग्लास आयनोमर नावाचं सिमेंट वापरतात, लंडनमध्ये विल्सन आणि केंट यांनी शोधलेलं. ते दातातल्या कॅल्शियमशी स्वतःच रासायनिक बंध करतं, त्यामुळे किडीची झळ लागलेल्या डेंटिनवरही तुलनेने चांगलं धरतं. 2020 मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीनंतर तुषार उडू नयेत म्हणून मी कितीतरी दिवस एअरोटर बंद ठेवला होता. त्या काळात शंभराच्या वर दाढा मी चमच्याने साफ केल्या. पेशंटला सुई टोचायची गरज फार थोड्या वेळा पडली. तेव्हापासून खोल कीड मी चमच्यानेच काढतो.

मग येतात विरघळवणारी औषधं. अमेरिकेत 1984 च्या सुमारास आलेलं औषध गरम करून पंपाने भरपूर सोडावं लागायचं, ते टिकलं नाही. स्वीडनने 1998 मध्ये क्लोरीन आणि अमिनो ॲसिडांचं जेल आणलं. ब्राझीलने 2003 मध्ये पपईच्या पपेनचं जेल केलं, आपल्याकडेही आता पपईचं जेल बनतं. मटण लवकर शिजावं म्हणून आई कच्च्या पपईचा तुकडा घालायची, ते आठवा. पपेन तुटलेले धागे पचवतं, धड धाग्यांना फारसं धरत नाही. या जेलांनी साफ केलेल्या डेंटिनवर भुग्याचा लेप पातळ असतो, पृष्ठभाग खडबडीत राहतो, आणि बऱ्याच प्रयोगांत बाँडिंगची ताकद मशीनने कोरलेल्याइतकीच आली. पण जेल धुताना कंटाळा केला तर उरलेलं क्लोरीन रेझिनला पुरतं घट्ट होऊ देत नाही. रूट कॅनलमध्ये हायपोक्लोराइट वापरल्यावर हाच त्रास होतो. माझं मत असं की ही जेलं घाबरलेल्या मुलांसाठी फार उपयोगी आहेत. मोठ्यांत त्यांना लागणारा वेळ आणि खर्च बघता चमचा बरा.

लेझरबद्दल थोडक्यात. अर्बियम लेझरला अमेरिकेत दातासाठी 1997 मध्ये परवानगी मिळाली. भुग्याचा लेप अजिबात उरत नाही, नळ्यांची तोंडं उघडी दिसतात, फोटोत जागा सुरेख दिसते. पण त्या सुरेख पृष्ठभागाच्या खालचं कोलॅजन उष्णतेने करपलेलं, चिकटून एकजीव झालेलं असतं आणि रेझिनला आत वाट मिळत नाही. काडी ओढली की बऱ्याचदा जोड आधी तुटतो. फोटो पाहून लेझर घेणाऱ्या तरुण डॉक्टरांनी हे नीट वाचावं, एवढीच विनंती.

काकांच्या दाढेत माझी आणखी एक चूक होती आणि ती घराघरांत होते. तात्पुरतं सिमेंट मी लवंगेच्या तेलाचं घातलं होतं. शिवाय काका रोज रात्री लवंगेच्या तेलाचा बोळा दाढेत धरून झोपायचे. कळ थांबते, यात शंका नाही. पण लवंगेतलं युजेनॉल डेंटिनमध्ये मुरतं आणि रेझिन घट्ट होण्याची क्रिया अडवतं. म्हणून डॉक्टरांकडे जाल तेव्हा लवंग लावली होती हे आधी सांगत जा. तंबाखूची मिश्री लावता तेही. यवतमाळ-चंद्रपूरकडचे असाल तर तेही सांगा, कारण तिकडच्या पाण्यातल्या फ्लोराइडने दातावर पांढरे-पिवळे पट्टे आलेले असतात. तशा एनॅमलवर ॲसिड सहज चालत नाही, जास्त वेळ द्यावा लागतो.

आता खरा वाद. किती काढायचं? 1908 सालच्या ग्रंथात जी. व्ही. ब्लॅक यांनी घालून दिलेला दंडक असा होता की कीड पसरू शकेल तिथपर्यंत निरोगी दातही कोरायचा. चांदी भरायची असेल तेव्हा ते समजण्यासारखं होतं, कारण चांदी चिकटत नाही, तिला खाली रुंद आणि वर अरुंद अशा खोबणीत अडकवावं लागतं. चिकटणारं फिलिंग आल्यावर तेवढं कोरायचं कारण संपलं. तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने 2016 मध्ये एकमताने मांडलं की खोल किडीत नसेच्या वरचा मऊ थर मुद्दाम ठेवावा, नस उघडी पाडू नये. मात्र त्यांनी एक अट घातली आणि ती या सगळ्या व्याख्यानाचा गाभा आहे. कडेचा भाग चारी बाजूंनी कडक, निरोगी डेंटिन आणि एनॅमलपर्यंत साफ हवा. तळाला बाँडिंग कमी धरलं तरी चालतं, कडेला पक्कं धरलं तर आत पाणी जात नाही, जंतूंचं खाणं बंद होतं, आणि तळाचा थर सावकाश भरून येतो. कडेला किडीची एक रेघ जरी राहिली तर तिथून सुरुवात होते.

दुसऱ्यांदा भरलं तेव्हा काका खुर्चीत तोंड उघडून होते आणि मी एकेक पायरी मोठ्याने सांगत होतो. लवंगेचं सिमेंट खरवडून काढलं. चमच्याने मऊ थर, कडेला बारीक टोकाने फिरवून सगळीकडे कडक, पिवळसर, टोक घासलं की करकर आवाज येईल असं डेंटिन. ॲसिड, पाणी, आणि मग हवा अगदी हळू, ओलसर चमक राहील एवढीच. तेवढ्यात त्यांनी बोटाने खूण केली. मी हात बाजूला घेतला. म्हणाले, "पाणी फाटतंय का कुठे, बघितलंत?"

मी आरसा फिरवून पाहिलं. नव्हतं फाटत.

त्यांचं ते पहिलं, सुटलेलं फिलिंग मी जपून ठेवलं आहे. आज बरोबर आणलं आहे, या काचेच्या डबीत. भिंगातून पाहिलं तेव्हा मला समजलं की ते सगळीकडून सुटलं नव्हतं. त्याच्या एका कडेला किडलेल्या डेंटिनचा पापुद्रा तसाच चिकटून बाहेर आला आहे. बाँड तिथे धरली होती, पण ज्याला धरली तेच सडकं होतं. डबी पहिल्या रांगेपासून मागे पाठवा. उजेडाकडे धरून फिरवलीत की डाव्या कडेला एक तपकिरी रेघ दिसेल.